पाचवा रकाना

माझ्या लग्नाच्या पत्रिका छापून येण्याआधीच पहिले पाकीट घरी आले. बाबांचे एक जुने सहकारी, वयाने त्यांच्याहून बरेच मोठे, जिना चढून धापा टाकत आले, पाणी प्यायले, प्रवास आता झेपत नाही तेव्हा लग्नाला येणे काही होणार नाही असे म्हणाले आणि शर्टाच्या आतल्या खिशातून पाकीट काढून त्यांनी ते माझ्या हातावर ठेवले. पाकिटाचे तोंड त्यांनी इतका सढळ हाताने डिंक लावून बंद केले होते की रात्री ते उघडताना एका नोटेचा कोपरा चिकटून फाटला. नोटा कोऱ्या होत्या आणि एकीतून दुसरी सुटता सुटत नव्हती. बाबांनी अंगठा ओला करून त्या दोनदा मोजल्या, मग माझ्याकडून मोजून घेतल्या, पाकिटाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात रक्कम आणि तारीख लिहिली आणि फाटका कोपरा चिकटपट्टीने जोडला. मग कपाटातून एक लांबट वही काढून त्यांनी पट्टीने रेघा मारल्या. तारीख, नाव, रक्कम, आभार. पाचवा रकानाही त्यांनी आखला, पण त्याला मथळा दिला नाही.

"हा कशाला?" मी विचारले.

"राहू दे," ते म्हणाले.

आहेर म्हटला की डोळ्यांपुढे लग्नाचा दिवस उभा राहतो: गर्दी, घाईने पुढे केलेले पाकीट आणि ती पाकिटे सांभाळायला एका कोपऱ्यात बसवलेले घरातले भरवशाचे माणूस. त्या दिवशी कसे वागायचे हे आपण लहानपणापासून बघत बघत शिकलेलो असतो. लग्नाआधी आलेल्या पैशाचे मात्र कोणी काही शिकवत नाही, कारण तो तुरळक येतो आणि नेमका कोणालाच सवड नसताना येतो. तारीख ठरलेली असते, पण कार्य व्हायचे असते. त्या मधल्या काळात हा पैसा कोणाचा, तो लगेच वापरावा की ठेवावा, आभार आत्ता मानावेत की लग्नानंतर सगळ्यांचे एकदमच, असे प्रश्न मला तेव्हा पडलेही नाहीत. नंतर जे घडले त्यामुळे ते एकेक करून पडत गेले, आणि त्यांची माझ्यापुरती उत्तरे मी इथे लिहीत आहे.

आधी देणाऱ्यांविषयी थोडे सांगायला हवे. काहींना येणे शक्य नसते, म्हणून ते आधी देतात. काहींना गर्दीत पाकीट पुढे करण्याचा संकोच वाटतो. आणि काही जणांनी स्वतःच्या घरी कार्य काढलेले असते. खर्च आधी होतो आणि आहेर नंतर येतो, हे त्यांना चांगले ठाऊक असते. माझी आत्या या तिसऱ्या प्रकारातली. ती आली, आईला आतल्या खोलीत घेऊन गेली, दार लोटून घेतले आणि म्हणाली, "लागायचे ते आत्ता लागतील. नंतर देऊन काय उपयोग?" तिच्या बोलण्यात ओलावा म्हणावा असा काही नव्हता, पण आमच्या घरची त्या महिन्यातली ओढाताण तिला न सांगता कळली होती.

पैसा देणे रुक्ष, वस्तू देण्यात खरे प्रेम, असे मानणारे पुष्कळ आहेत. जोएल वाल्डफोगेल या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटवस्तूंचा हिशेब मांडून दाखवले होते की घेणाऱ्याच्या लेखी भेटवस्तूची किंमत देणाऱ्याने मोजलेल्या किमतीपेक्षा सहसा कमीच भरते. रोख रकमेत ही तूट येत नाही. अर्थशास्त्र्यांचा हा हिशेब मला पटतो, मात्र त्यात एक गोष्ट सुटते. वस्तू दिली की देणाऱ्याचे काम तिथे संपते. तिचे घेणाऱ्याने काय केले, यावर फारसे काही अवलंबून नसते, कारण दहा वर्षांनीही तो दिवा दिवाच असतो. पैसा मात्र घेणाऱ्याच्या हातात पडल्यावरच काहीतरी व्हायचा असतो, आणि तो काय होतो हे देणारा कितीही नाही म्हणाला तरी त्याला जाणून घ्यायचे असते. सगळे अवघडलेपण येते ते इथून.

पाकीट हातात पडल्यावरचे पहिले काही क्षण मला अजूनही नीट साधत नाहीत. देणाऱ्यासमोर ते उघडायचे नाही, हे सर्वांना माहीत असते. पण न उघडता दुमडून खिशात घातले तर ती पावती घेतल्यासारखी दिसते, आणि हातातच धरून गप्पा मारत बसलो तर समोरच्याचे लक्ष त्याच्यावरून हलत नाही. "कशाला, कशाला" एकदा म्हणावे; तिसऱ्यांदा म्हटले की देणाऱ्याला आपले देणे समर्थनीय ठरवत बसावे लागते, आणि ती त्याला शिक्षाच असते. बाबा काय करत, तर पाकीट दोन्ही हातांनी घेत, एकदा त्यावरचे नाव वाचत आणि उठून आतल्या कपाटात ठेवून येत. त्या उठण्यात आदर दिसत असे, आणि पाकीट ठरल्या जागी पोहोचतही असे.

ठरल्या जागी पोहोचणे किती महत्त्वाचे, हे आम्हाला एका पाकिटाने दाखवले. घरात सामानाची आवराआवर चालली असताना कोणीतरी दाराशी आले आणि माझ्या चुलत भावाच्या हातात पाकीट देऊन गेले. पाकिटावर निळ्या शाईने फक्त "शुभेच्छा" एवढेच लिहिले होते. भे वरची मात्रा लांब मागे ओढलेली आणि च्छा ची गाठ जरा जास्तच गोल. नाव नव्हते. "एक काका होते," भाऊ म्हणाला. चष्मा होता का, तर बहुतेक होता. उंच की ठेंगणे, तर मध्यम. आम्ही आलेल्या पत्रांतली अक्षरे ताडून पाहिली, दोघातिघांना आडून आडून विचारले, पण पत्ता लागला नाही. थेट विचारावे तर ज्याने दिले नसेल त्याला देण्याची आठवण करून दिल्यासारखे होणार. तेव्हापासून देणारा जिन्याच्या वळणापर्यंत पोहोचायच्या आत पाकिटावर पेन्सिलीने नाव टाकायचे, असा घरात दंडकच पडला. मोजणी त्याच दिवशी, दोघांनी मिळून आणि रिकामे पाकीट टाकून न देता, हा बाबांचा नियम त्याआधीच चालू होता. दोघांनी मोजण्यात अविश्वास नसतो. पुढे कधी आकड्याबद्दल शंका आली तर एकट्यावर आळ येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

पैसा कोणाचा, हा प्रश्न खरे तर पहिले पाकीट येण्यापूर्वी सोडवायला हवा. आईवडिलांना वाटते, खर्च आम्ही करतो आहोत आणि या घराचे देणेघेणे आम्ही इतकी वर्षे सांभाळले आहे, तेव्हा आलेले त्या खात्यात. मुलांना वाटते, पाकिटावर आमचे नाव आहे. दोघांचेही चूक नसते. म्हणून तर भांडण होते, आणि ते लग्नाच्या धावपळीत झाले की कडूपणा फार दिवस टिकतो. आम्ही ठरवले होते की ज्याचे नाव त्याचे, आणि दोघांचे नाव असेल तर दोघांचे. आईच्या हाती तोंडी काही न सांगता दिलेले आईचे. ठरवायला दहा मिनिटे लागली होती. हा व्यवहार एवढ्या दहा मिनिटांत निकाली निघाला याचे मला तेव्हा कौतुक वाटले, आणि बाकी काहीच टिकले नाही तरी तो नियम टिकला.

ज्याच्याशी लग्न ठरले होते त्याच्याही घरी पाकिटे येत होती. आम्ही एकमेकांना एकूण रक्कम सांगायचो, यादी कधी दाखवली नाही, आणि हे आम्ही बरोबर केले असे मला आजही वाटते. एकूण आकड्यावरून पुढचे बेत आखता येतात. यादीवरून फक्त माणसे मोजली जातात. कोणाच्या मामांनी किती दिले आणि त्यांना किती देणे सहज शक्य होते, ही चर्चा एकदा सुरू झाली की लग्नाआधीच नव्या नात्यांना भाव चिकटतात. घरातल्या घरातही वही उघडी टाकू नये. बाबा ती कपड्यांच्या घडीखाली ठेवत आणि पाहुण्यांसमोर काढत नसत.

धनादेशांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे शिष्टाचार आणि बँक यांची गाठ पडते. आमच्याकडे तीन आले. एक दोघांच्या नावाने होता, आणि आमचे संयुक्त खाते अजून उघडायचे होते. दुसऱ्यावर माझे नाव लग्नानंतरचे आडनाव जोडून लिहिले होते; देणाऱ्या बाईंनी ते प्रेमाने लिहिले होते, पण त्या नावाचे खाते जगात कुठेही नव्हते, आणि मी तर आडनाव बदलणारही नव्हते. अशा वेळी गप्प बसून धनादेश तसाच ठेवून देणे हा सोपा मार्ग असतो आणि तोच वाईट. धनादेशाला मुदत असते, आणि देणाऱ्याने तेवढी रक्कम खात्यात बाजूला ठेवलेली असते. महिनोन्‌महिने ती वटली नाही की त्याला आपला धनादेश हरवला, की आपण दिलेले कमी वाटले, असे काहीबाही वाटू लागते. मी फोन करून सरळ सांगितले की या नावाने बँक पैसे घेणार नाही, आणि दुसरा धनादेश मागितला. त्या हसल्या आणि त्यांनी तो पाठवला. तिसरा धनादेश मी मात्र लग्नाच्या दिवसापर्यंत थांबायचे म्हणून भरलाच नाही. कार्य होण्याआधी पैसा घेणे मला अधीरपणाचे वाटले होते. ही हळवी समजूत चुकीची होती, कारण खात्यात जमा करणे म्हणजे खर्च करणे नव्हे. जमा करावे लगेच. थांबायचे असेल तर खर्चासाठी थांबावे.

फोनवरून थेट खात्यात येणाऱ्या पैशाला पाकीट नसते, त्यामुळे ते घेण्याचा विधीही नसतो. रात्री अकरा वाजता फोन एकदा वाजतो आणि रक्कम जमा झालेली असते. बाबांनी त्यांचीही वहीत नोंद केली, आणि मला बजावले की जोडलेल्या हातांचे चित्र पाठवून मोकळी होऊ नकोस. देणाऱ्याला पाकीट आणून देण्याचे कष्ट पडले नाहीत म्हणून त्याचे देणे हलके होत नाही.

आभार लग्नानंतर एकदमच मानू, हा मोह फार मोठा असतो. छायाचित्रे येतील, मग सुंदर पत्रे छापू, असे आपण म्हणतो. पण आधी देणाऱ्याला त्याचे पैसे पोहोचले की नाही, हे आत्ता कळायला हवे असते, विशेषतः टपालाने किंवा दुसऱ्याच्या हाती पाठवले असतील तर. आठवडाभरात दोन ओळी हाताने लिहाव्यात, त्यात आकडा लिहू नये, आणि ते पैसे कशासाठी वापरणार हे लिहायचे असेल तर खरे तेच लिहावे. हे शेवटचे मी पाळले नाही. बाबांच्या त्या जुन्या सहकाऱ्यांना मी लिहिले होते की तुम्ही दिलेल्या पैशांतून आम्ही नव्या घरासाठी पुस्तकांचे कपाट घेणार आहोत. नवे घर ठरले नव्हते, कपाट तर मनातही नव्हते. पत्राला एक गोड शेवट हवा होता म्हणून मी ते लिहिले, आणि त्या कपाटाने पुढे मला बराच त्रास दिला.

आता खर्चाविषयी. बाबांनी रोख पैसे एका पत्र्याच्या डब्यात ठेवले होते आणि खात्यात आलेले एका वेगळ्या खात्यात वळवले होते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये माणसाच्या मनातल्या अशा वेगवेगळ्या खात्यांवर लिहिले. पैसा सगळा सारखाच असताना आपण त्याला निरनिराळी नावे देऊन निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतो आणि त्यामुळे पुष्कळदा तोट्याचे निर्णय घेतो, असे त्यांचे म्हणणे. घरातल्या बचतीवर कमी व्याज मिळवत असताना बाहेर जास्त व्याजाने कर्ज काढणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. पण लग्नाआधी आलेल्या पैशापुरता हा दोष मला गुणच वाटतो. तो पैसा वेगळ्या कप्प्यात होता म्हणून आम्हाला तो किती आहे आणि कोणाचा आहे, हे शेवटपर्यंत ठाऊक राहिले.

तो डबा आम्ही उघडला तो मात्र माझ्यामुळे. हॉलचा दुसरा हप्ता भरायचा होता, आईबाबांची ठेव पाच आठवड्यांनी सुटणार होती, आणि ती मुदतीआधी मोडली तर व्याज बुडणार होते. मी म्हटले, पाच आठवड्यांचा तर प्रश्न आहे, आणि पैसे लग्नासाठीच आलेत ना? आईलाही पटले. बाबा दोन दिवस नाही म्हणत राहिले, मग गप्प झाले, आणि आम्ही त्या गप्प राहण्याला होकार धरला. नीट पाहिले तर आत्यासारख्या माणसांनी दिलेले पैसे याच कामासाठी होते. ते वापरण्यात काही गैर नव्हते. पण आम्ही कोणाचे किती घेतले हे न पाहता डब्यातून हवी तेवढी रक्कम मोजून घेतली, आणि ज्यांनी दोघांच्या संसारासाठी म्हणून दिले होते त्यांचेही पैसे जागेच्या भाड्यात गेले.

लग्नाला तेवीस दिवस उरले असताना ते मोडले. कारण या लेखाच्या विषयाचे नाही, आणि दोन्ही घरांनी ते आपापल्यापाशीच ठेवले आहे. हॉलचा दुसरा हप्ता परत मिळाला नाही. करारात तसे स्पष्ट लिहिले होते आणि सही आमची होती. तीन दिवस घरात कोणी कोणाशी फारसे बोलले नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाबांनी वही काढली, पेनाचे टोपण उघडले आणि पाचव्या रकान्यावर लिहिले, "परत".

आपल्यावर आलेली वेळ नवी नाही, हे कळले की थोडे बरे वाटते, म्हणून त्या दिवसांत मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटले. चौथ्या शतकात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने वाग्दत्त जोडप्याच्या भेटींबद्दल एक कायदा केला होता. लग्नाआधी दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला तर वराने दिलेल्या भेटींचे काय करायचे, याचा निवाडा त्यात एका चुंबनावरून केला होता: वाग्दानाच्या वेळी चुंबन झाले असेल तर निम्म्या भेटी वधूकडे राहाव्यात, नसेल तर सगळ्या परत जाव्यात. मला तो कायदा वाचून हसू आले आणि मग त्याचा नेमकेपणा आवडला. लग्न झाले आणि झाले नाही यांच्या मध्ये एक टप्पा असतो, हे त्या कायद्याने मान्य केले होते. १९२२ मध्ये एमिली पोस्ट या अमेरिकी बाईंनी शिष्टाचारावर जे जाडजूड पुस्तक लिहिले, त्यात असला निम्मानिम्मा हिशेब नाही. ठरलेले लग्न मोडले तर अंगठी आणि सगळ्या मौल्यवान भेटी देणाऱ्याला परत कराव्यात, असे त्या एका वाक्यात सांगून मोकळ्या होतात. हे दोन्ही नियम मुख्यतः त्या दोघांनी एकमेकांना दिलेल्या भेटींसाठी आहेत. आप्तांनी आणि मित्रांनी दिलेल्या पैशाला ते लागू करायचे तर प्रश्न उरतो तो कसे परत करायचे हा, आणि तिथे पुस्तके हात टेकतात.

वहीत बत्तीस नोंदी होत्या, त्यांपैकी एक निनावी. बाबांनी ठेव मोडली आणि डब्यातून गेलेली रक्कम भरून काढली. बुडालेल्या व्याजाचा त्यांनी नंतर कधी उल्लेख केला नाही, आणि तो त्यांनी केला असता तर मला सोपे गेले असते. मी न भरलेला धनादेश तसाच परत करायचा, बाकीच्यांना तितकीच रक्कम नव्या पाकिटात द्यायची, असे ठरले. पत्राचा मजकूर आम्ही तिघांनी बसून लिहिला: "आपण ज्या कार्यासाठी प्रेमाने पैसे पाठवलेत, ते कार्य आता होत नाही. म्हणून ते आपल्याकडे पोहोचवत आहोत. आपले प्रेम असेच राहू द्यावे." कारण लिहिले नाही, आणि कोणाला दोष दिला नाही. खात्यातून आलेले पैसे खात्यातूनच पाठवले, पण आधी फोन करून, कारण एकही शब्द न बोलता खात्यात परत येऊन पडलेली रक्कम थप्पड मारल्यासारखी लागते.

ती तशी का लागते, याचे उत्तर मला मानववंशशास्त्रात मिळाले. मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये भेटींवर लिहिताना देणे, घेणे आणि परतफेड करणे अशी तीन बंधने सांगितली. पुढे पिएर बूर्द्यू यांनी त्यात वेळेचा मुद्दा आणला: परतफेड उशिरा व्हायला हवी आणि दिले त्याहून वेगळ्या गोष्टीने व्हायला हवी, तीच वस्तू लगेच परत केली तर ते भेट नाकारण्यासारखे होते. म्हणजे आम्ही जे करत होतो ते बाहेरून पाहता हुबेहूब अपमानासारखे दिसत होते, तितकीच रक्कम, तितक्याच तातडीने. फरक फक्त त्या दोन ओळींच्या पत्राने आणि समोर जाऊन बसण्याने पडणार होता. जवळच्या अकरा घरी मी आणि बाबा स्वतः गेलो.

बहुतेकांनी काही न बोलता घेतले आणि विषय बदलला. त्यांचे उपकार मला सर्वांत जास्त वाटतात. काहींनी नको म्हटले. बाबांचा नियम असा की दोनदा द्यावे, तिसऱ्यांदा आग्रह करू नये. तिसऱ्यांदा केला तर आपण त्यांचे पैसे परत करत नसून आपला स्वाभिमान त्यांच्या गळ्यात मारत असतो. एका घरी मात्र आम्ही गेलोच याचा राग आला. आम्ही काय व्याजाने दिले होते का, असे ते गृहस्थ म्हणाले, आणि दार लागेपर्यंत तेच म्हणत राहिले.

आत्याने पाकीट घेतले, उघडले आणि आमच्यासमोर नोटा मोजल्या. सावकाश, एकेक नोट सुटी करून. "बरोबर आहेत," म्हणाली आणि पर्समध्ये ठेवल्या. मला त्या क्षणी रडू कोसळायचे बाकी होते. घरी येताना मी बाबांना म्हटले की आत्या अशी कशी. बाबा काही बोलले नाहीत. आत्याची बाजू माझ्या लक्षात यायला फार दिवस लागले. बाकी सगळ्यांच्या घरून मी काहीतरी ओझे घेऊन निघाले होते: कोणाची कीव, कोणाचा नकार, कोणाचा "राहू दे ग". आत्याकडून निघताना माझ्याकडे काहीच शिल्लक नव्हते. तिने मोजले म्हणून हिशेब पुरा झाला, आणि पुढच्याच आठवड्यात तिने मला नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या तक्रारी सांगायला फोन केला.

पहिले पाकीट देणारे ते सहकारी तोवर वारले होते. दीड महिना झाला होता. पैसे द्यायचे कोणाला, असा प्रश्न बाबांना पडला नाही. आम्ही काकूंकडे गेलो. माझ्या मनात कपाट होते. मी लिहिलेले पत्र त्यांनी वाचले असणार, आणि आता त्या विचारतील, असे मला वाटत राहिले. त्यांनी कपाटाचे विचारले नाही. बाबांनी नवे पाकीट पुढे केले तेव्हा त्यांनी ते उघडलेही नाही, त्या म्हणाल्या, "ह्यांनी दिले होते ते पाकीट आहे का?" ते होते. बाबांनी ते वहीत ठेवले होते, कडेला डिंकाचा पिवळट थर, मागे पेन्सिलीचा आकडा, आणि वर थरथरत्या हाताने लिहिलेले माझे नाव. काकूंनी ते उजेडात धरून पाहिले. त्या दिवशी डिंकाची बाटलीच सांडली होती, टेबलावरचा डाग अजून आहे, असे त्या म्हणाल्या. मग नव्या पाकिटातल्या नोटा काढून त्यांनी न मोजता जुन्या पाकिटात घातल्या आणि ते उशाखाली ठेवले.

लग्न मोडण्याऐवजी पुढे ढकलले गेले असते तर परत करण्याची गरज नव्हती; कळवणे पुरे झाले असते, नवी तारीख ठरली नसली तरी. पण ढकलणे आणि मोडणे यांच्यातली सीमा घरच्यांनाच आधी दिसते, आणि ती दिसल्यावरही "बघू पुढे" म्हणत पैसे ठेवून घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. असे ठेवलेले पैसे हळूहळू आपले वाटू लागतात.

पाच वर्षांनी माझे लग्न झाले, दुसऱ्याच माणसाशी, थोड्या लोकांत. याही वेळी काही पाकिटे आधी आली. पूर्वी परत न घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी या वेळी काही दिले नाही, आणि ते मला अगदी रास्त वाटले. त्यांचा आहेर माझ्याकडे पाच वर्षे होता. आत्याने मात्र दिले, तेवढेच, एक पैसाही जास्त नाही. "मोजून घे," ती म्हणाली, आणि मी तिच्यासमोर, एकेक नोट सुटी करून मोजले.

बाबांनी तीच वही काढली आणि कोऱ्या पानावर पुन्हा पाच रकाने आखले. आता विचारायला हरकत नव्हती, म्हणून मी विचारले की तेव्हा पाचवा रकाना का आखला होता. त्यांनी थोडा विचार केला. "पान रुंद होते," ते म्हणाले.

पत्र्याचा डबाही तोच. त्यात तळाशी ते निनावी पाकीट आहे, रक्कम आतच. बाबांनी ती खर्च करू दिली नाही, आणि मलाही ती मागावीशी वाटली नाही. नवी पाकिटे आली तेव्हा मी प्रत्येकावरचे अक्षर पाहिले, आणि अजूनही कोणाच्या घरच्या कार्याला गेले आणि पाकिटांचा गठ्ठा समोर दिसला, तर निळ्या शाईत लिहिलेल्या एखाद्या "शुभेच्छा" पाशी थांबते आणि भे वरची मात्रा मागे किती ओढली आहे ते बघते.